स्टुडिओतला चंद्र

"चंद्रावर कुणी गेलंच नाही म्हणे. गिरणीवर तरी जातंय का कुणी या घरातलं? दळण परवापासून डब्यात पडलंय. पुऱ्या कशाच्या करू आता, चांदण्याच्या?"

माई हे मला म्हणाल्या नाहीत. शेजारून मागून आणलेल्या पिठाला म्हणाल्या. आमचं स्वयंपाकघर एवढं अरुंद होतं की त्या मळायला बसल्या की त्यांचं कोपर माझ्या दंडाला लागायचं. त्यामुळे सासूची कुरकुर मला कानाच्या आधी अंगाला कळायची.

पडद्यापलीकडे स्टुडिओ होता. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावातला सगळ्यात जुना, प्रभा फोटो स्टुडिओ. तिथे तात्या, म्हणजे माझे सासरे, रेशनकार्डाच्या फोटोसाठी आलेल्या एका म्हाताऱ्या गड्याला समजावत होते. चंद्रावर वारा नाही, मग अमेरिकेचा झेंडा फडकतो कसा. आभाळ काळंकुट्ट, पण एक चांदणी नाही. आणि सावल्या एकमेकींकडे वळलेल्या. सूर्य एक असेल तर सावल्या एका दिशेला जातील. वळल्या म्हणजे दिवे दोन, आणि दिवे दोन म्हणजे स्टुडिओ. गडी हनुवटी वर धरून स्टुलावर ताठ बसला होता आणि होय होय म्हणत होता, कारण त्याचा फोटो अजून निघायचा होता.

भाऊबीज होती. माझी नणंद कुंदा दुपारच्या एस.टी.ने यायची होती. ती आल्यावर संध्याकाळी काय होणार हे आम्हा दोघींना माहीत होतं, म्हणून आम्ही पुऱ्यांविषयी बोलत होतो.

कुंदाला भाऊ एकच, श्रीरंग. माझा नवरा. आमच्यात तेव्हा नवऱ्याचं नाव घेत नसत. आता मी घेते. काही वर्षांपूर्वी नदीला मोठा पूर आला तेव्हा वर्तमानपत्राला फोटो द्यायचे म्हणून तो कॅमेरा घेऊन पुलावर गेला. "मधोमध उभा राहा, तिथून दोन्ही काठ येतात," असं तात्यांनी त्याला दारातून ओरडून सांगितलेलं मी ऐकलं होतं. स्कूटर पुलाच्या तोंडाशी स्टँडवर लावलेली सापडली. तो सापडला नाही.

पाणी उतरून बरेच दिवस झाले, आणि खालच्या अंगाच्या एका पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. एक बेवारस प्रेत वाहत आलं होतं. त्याचं जे करायचं ते करून झालं होतं, फोटो तेवढा ओळखायचा होता. तात्या आणि मी गेलो. बाईमाणसानं बघू नये म्हणून मला बाहेर बाकावर बसवलं. हातातला चहा पिण्याजोगा निवायच्या आत तात्या परत आले.

"नव्हे," ते म्हणाले. "कानाची पाळी चिकटलेली आहे. आपल्या श्रीरंगची सुटी."

जन्मभर काचेतून माणसांचे चेहरे पाहिलेला माणूस कानाच्या पाळीवर बोट ठेवतो म्हटल्यावर हवालदार तरी काय बोलणार. येताना एस.टी.त मी तोंडावर पदर घेऊन रडले, आणि हे आनंदाचं रडू आहे असं स्वतःला सांगितलं. तात्या खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी गाव येईपर्यंत मान आत वळवली नाही.

त्याच हिवाळ्यात केबलवर कुठल्याशा वाहिनीवर तो कार्यक्रम लागला. चंद्रावर माणूस उतरल्याचे फोटो खरे की बनवलेले, असा. मी आणि माई वाटाणे सोलत होतो. तात्या जेवता जेवता उठले, खरकट्या हाताने टीव्हीजवळ गेले आणि कार्यक्रम संपेपर्यंत उभे राहिले. हात तसाच वाळला.

मग त्यांनी चंद्राचे फोटो जमवायला घेतले. जुनी मासिकं, मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांतली पानं, कुणाच्या तरी कॅलेंडरचं एक मोठं चित्र. स्टुडिओतला काश्मीरचा पडदा, ज्याच्यापुढे गावातल्या निम्म्या जोडप्यांनी फोटो काढले होते, तो गुंडाळला गेला आणि त्या भिंतीवर चंद्र लागले. नव्या नवऱ्या चंद्रापुढे बसायला तयार होईनात. माई म्हणाल्या, बरोबर आहे, पोरीला आधीच माहेर सुटतंय, त्यात पृथ्वी पण सोडायची की काय.

आम्ही हसलो तेव्हा. गावही हसलं. पण मला एक गोष्ट खुपत होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

शाळा माझी लवकर सुटली. जे शिकले ते पुड्यांच्या कागदांवरून, आणि तात्यांच्या डार्करूममध्ये. लग्न होऊन आल्यावर मी दारात घुटमळते हे पाहून त्यांनीच मला आत बोलावलं आणि हातात ब्रश दिला. त्या काळी आमच्याकडे मेलेल्या माणसांचं काम फार यायचं. म्हातारा गेला की घरात त्याचा एकट्याचा फोटोच नसायचा. मग लग्नातल्या घोळक्यातलं त्याचं तोंड कापून काढायचं, दुसऱ्याच्या कोटावर चिकटवायचं, जोड ब्रशने बुजवायचा आणि त्याचा पुन्हा फोटो काढायचा. कधी मिटलेले डोळे उघडायचे. सवाष्ण गेली असेल तर कुंकू ठळक करायचं. तात्या म्हणायचे, कोट बदल, पागोटं बदल, पण उजेड बदलू नकोस. कुठलाही फोटो हातात आला की पहिलं हे विचारायचं: उजेड कुठून येतोय? तोंडावर एकीकडून आणि कोटावर दुसरीकडून असेल, तर बघणाऱ्याला चूक सापडत नाही, पण फोटोपुढे उभं राहवत नाही.

आणि त्यांनीच मला हेही शिकवलं होतं की पांढऱ्या कपड्यातलं माणूस उन्हात नीट आणायचं तर मागचं सगळं काळं पडतं. घाटाच्या पायऱ्यांवर सावली पडली तर ती मोडते, वळते, तिथे दुसरा दिवा लागत नाही. मग चंद्रावरच्या चांदण्या आणि सावल्या त्यांना का कळू नयेत?

एकदा मी हे विचारलं. हळूच, ब्रश धुता धुता.

"ते इथलं झालं," तात्या म्हणाले. "तिथलं वेगळं." मग म्हणाले, "फोटो खोटा असू शकतो, शैला. सरकारी असला तरी. एवढंच माझं म्हणणं आहे."

ते चंद्राबद्दल बोलत नव्हते हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. मला एवढंच कळलं की पुन्हा विचारायचं नाही.

पुढे एका रविवारी त्यांनी स्टुडिओच्या फरशीवर चंद्रच बनवला. बंबातली राख, थोडं सिमेंट, गोट्या दाबून पाडलेले खड्डे. कुंदाच्या लहानपणीची बाहुली सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदात गुंडाळून मधे उभी केली. मागे काळं कापड, वर दोन दिवे. दिवसभर दार लावून काम चाललं होतं. माईंनी बाहेरून एवढंच सांगितलं की राख माझी आहे, मोजून परत घेईन.

संध्याकाळी ओला फोटो चिमट्यात धरून तात्या बाहेर आले. आम्ही बघितला. बाहुली दिसत नव्हती. माणूस दिसत होता, खूप लांबचा, एकटा, आणि मागे काहीच नसलेलं आभाळ.

"बघ," तात्या म्हणाले. "आपल्या गल्लीत चंद्र झाला."

ते फार दिवसांनी हसले होते. मला मात्र त्या फोटोची भीती वाटली. त्याच्यापुढे उभं राहवत नव्हतं.

भाऊबिजेचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे ज्या बायकांना भाऊ नाही, त्या बिजेच्या कोरीला ओवाळतात. चंद्रच त्यांचा भाऊ. कुंदा पहिल्या वर्षी ताट घेऊन गच्चीकडे निघाली तर तात्यांनी तिला जिन्यात अडवलं. त्यांनी पाट मांडला होता आणि त्यावर श्रीरंगचा फोटो ठेवला होता, रस्त्याकडच्या खिडकीच्या उजेडात काढलेला, आमच्या लग्नाच्या आधीचा. भाऊ बाहेरगावी असला म्हणून चंद्राला ओवाळतात का, ते म्हणाले. कुंदाने फोटोला ओवाळलं. हार नसलेल्या फोटोला.

दुसऱ्या वर्षी फोटो तोच होता आणि नव्हता. मी दोनदा बघितला. कानशिलावरचे केस जरा मागे गेले होते.

"वय होतंय त्याचं," तात्या म्हणाले.

दर दिवाळीला तो थोडा मोठा व्हायचा. डोळ्यांखाली पेन्सिलीचा हलका हात, ओठांच्या कडेला एक रेघ. एका वर्षी चष्मा आला. काम इतकं सुंदर होतं की चूक काढायला जागा नव्हती. मी आरशात बघायची तेव्हा मला माझा एक पांढरा केस दिसायचा, आणि वाटायचं, पुढच्या भाऊबिजेला त्यालाही दिसेल. माई ओवाळणीच्या वेळी आपल्या हातांकडे बघत बसायच्या. आणि आम्ही तिघी एकमेकींशी बोलायचो ते बासुंदी दाट झाली की पातळ, यावर.

त्या वर्षी मात्र कुंदाने माझ्यासाठी स्थळ आणलं होतं.

नणंदेने वहिनीसाठी. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातले दिगंबर, बायको गेलेली, एक लहान मुलगी. मी कुंदाकडे राहायला गेले असताना ते दोनदा आले होते. दुसऱ्यांदा त्यांच्या मुलीने माझ्या मांडीवर बसून माझ्या बांगड्या मोजल्या आणि चुकीच्या मोजल्या. बस, एवढंच. पण घरी आल्यावर मी त्या बांगड्या काढून ठेवू शकले नाही.

दिगंबरनी हुंडा मागितला नाही, पत्रिका मागितली नाही. एकच म्हणाले. जिवंत माणसाची बायको मी नेणार नाही. तिच्या सासऱ्यांनी तोंडाने एकदा सांगावं की ती मोकळी आहे. दिवाळीपर्यंत थांबतो, नाहीतर आई दुसरीकडे शब्द देणार आहे.

कुंदा म्हणाली, तुम्ही बोला वहिनी. मी म्हटलं, वन्सं, तुमचे वडील आहेत, तुम्ही बोला. माईंना सगळं माहीत होतं. त्या म्हणाल्या, आधी चकल्या होऊ देत.

दिगंबरच्या आईला दाखवायला माझा एक फोटो हवा होता. मी तात्यांना सांगितलं, कुंदावन्संना माझा फोटो पाहिजे. कशाला ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी मला लगेच स्टुलावर बसवलं, माझ्या डार्करूमकडच्या बाजूला दिवा लावला, आणि काळ्या कापडात डोकं घालण्याआधी म्हणाले, "कुंकू जरा ठळक लाव. मंगळसूत्र पदराबाहेर घे."

मी घेतलं. धंद्यातली सवय आहे, असं वाटलं.

फोटो त्यांनी दिला नाही. भाऊबिजेला देतो, म्हणाले.

तर ती भाऊबीज. रेशनकार्डवाला गडी एकदाचा सुटला, कुंदा आली, जेवणं झाली. दुपारभर ती माझ्याकडे बघायची, मी माईंकडे, आणि माई पातेल्याकडे. एकदा तात्या पाणी प्यायला आत आले तेव्हा कुंदाने घसा खाकरला. तात्या थांबले. मग तिने विचारलं, सुपारी कुठंय. तात्यांनी सुपारी दिली आणि परत गेले, आणि डार्करूमच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला.

उन्हं उतरली तशी मी रांगोळीचा डबा घेऊन बाहेरच्या खोलीत आले. पाट मांडून झाले होते. दोन.

"दोन्हींना मिळून एकच रांगोळी घाल," तात्या दारातून म्हणाले.

कुंदाचा नवरा आलेला नव्हता. दुसरा पाट कुणाचा, हे मी विचारलं नाही. रांगोळी घालताना माझ्या चिमटीतून रेघ सुटेना, ढीग पडायला लागले. खिडकीतून पाण्याच्या टाकीच्या वर कोर दिसत होती, नखाएवढी. बिजेची कोर फार थांबत नाही.

कुंदा नवी साडी नेसून ताट घेऊन आली. माई भिंतीला टेकून बसल्या. तात्यांनी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात गुंडाळलेली चौकट आणली, नेहमीपेक्षा रुंद, आणि दोन पाटांवर मिळून ठेवली. मग कापड ओढलं.

मी होते. कुंकू ठळक, मंगळसूत्र पदराबाहेर. शेजारी श्रीरंग, चष्म्यातला, कानशिलावर पांढुरका, माझ्याच वयाला शोभेल असा. त्याचा खांदा माझ्या खांद्यामागे गेला होता. जोड कुठे आहे हे मला, जोड बुजवण्यातच ज्या बाईचे दिवस गेले तिला, सापडलं नाही. आम्ही दोघं शांत बघत होतो, बरीच वर्षं एका घरात राहिलेल्या माणसांसारखे. आणि त्या फोटोतली मी कुठेही जाणार नव्हते.

"आता म्हणायला कुणाला जागा नाही," तात्या म्हणाले. "ओवाळ."

म्हणजे त्यांना स्थळाचं माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.

कुंदा ताट घेऊन उभी राहिली. निरांजनाचा उजेड तिच्या हनुवटीवर हलत होता. ती म्हणाली, "तात्या, मी यंदा चंद्राला ओवाळते."

"भाऊ असताना?"

कुंदाने ताट सावरलं. तिचं एक पाऊल फोटोकडे वळलं, आणि मला कळलं की ती ओवाळणार. दर वर्षीसारखी ओवाळणार, मग आम्ही बासुंदीबद्दल बोलणार, आणि दिगंबरच्या आईचा शब्द दुसरीकडे जाणार. मी खाली बसले. फोटोला नाक लागेल इतक्या जवळून बघितलं. पाया पडत असेन असं माईंना वाटलं असावं.

मग मला ते दिसलं, आणि माझ्या तोंडून तात्यांचंच वाक्य निघालं.

"तात्या, उजेड कुठून येतोय?"

ते फोटोकडे वळले.

"ह्यांच्यावर रस्त्याच्या खिडकीकडून येतोय," मी म्हटलं. "माझ्यावर डार्करूमकडून."

श्रीरंगच्या नाकाची सावली माझ्याकडे पडली होती. माझ्या नाकाची त्याच्याकडे. मधल्या चार बोटांच्या जागेत दोन सावल्या एकमेकींकडे वळल्या होत्या, त्यांच्या भिंतीवरच्या चंद्रासारख्या. दिवा दुसऱ्या बाजूला ठेवायला त्यांना काय लागलं असतं? स्टुलाच्या अलीकडचा पलीकडे, एवढंच. तात्यांच्या हातून असली चूक होत नसे. नव्या पोऱ्याच्या हातून झाली तर ते फोटो फाडून टाकायचे.

तात्या माझ्या शेजारी खाली बसले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला. त्यांचं बोट काचेवर आलं. आधी माझ्या सावलीवर, मग त्याच्या. मग ते गालावरून वर गेलं आणि श्रीरंगच्या कानापाशी थांबलं. तिथेच राहिलं.

"दिवे दोन आहेत," ते म्हणाले.

निरांजनात तूप कमी झालं होतं, वात चुरचुरायला लागली. माईंनी उठून, पाय धरत, तुपाची वाटी आणली आणि कुंदाच्या ताटातलं निरांजन भरलं. परत जाऊन बसल्या नाहीत. तात्यांच्या डोक्याशी उभ्या राहिल्या.

"कुंदे," तात्या वर न बघता म्हणाले, "ताट घेऊन गच्चीवर जा. चंद्र टाकीमागं जाईल."

कुंदा निघाली. माईंनी तिचा दंड धरला.

"का जाईल ती?" त्यांनी विचारलं. पिठाशी बोलायच्या त्याच आवाजात, पण या वेळी माणसाकडे बघून. "भाऊ असताना चंद्राकडं का जाईल? नीट सांगा तिला. आणि हिलाही सांगा."

तात्यांचे ओठ हलले. "मधोमध उभा राहा असं मीच त्याला..."

"ते मागनं," माई म्हणाल्या. "ते मी ऐकीन, जन्मभर ऐकीन. आधी हे सांगा."

तात्यांनी काचेवरचं बोट उचललं नाही.

"पाळी सुटीच होती," ते म्हणाले. "पोलिसांच्या फोटोत. सुटीच होती. तो आपला श्रीरंगच होता."